सहावीच्या वर्गात तत्त्वज्ञानाचा तास कसा घ्यावा?

प्रश्न: मी दादरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवते. यंदा आठवड्याला एक तास मोकळा मिळाला आहे. त्यात मुलांना तत्त्वज्ञानाची ओळख करून द्यावी असं मुख्याध्यापकांच्या मनात आहे. सॉक्रेटिस, बुद्ध, शंकराचार्य यांच्यापासून सुरुवात करू का? अकरा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का? वर्गात ५४ मुलं आहेत. देवाधर्माचं निघालं तर काय करायचं? आणि पालकांनी 'याचा उपयोग काय' असं विचारलं तर काय सांगू?

उत्तर:

सॉक्रेटिसपासून सुरुवात करू नका, हे आधी सांगते. चरित्र सांगायला घेतलं की मुलं ते इतिहासाच्या धड्यासारखं ऐकतात. कुठे जन्मला, काय म्हणाला, विष का प्यायला. मग चाचणीत 'टीप लिहा' येतं आणि विषय मिटतो. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. वह्या सुरेख झाल्या, पण वर्षभरात एका मुलानेही एक शंका काढली नाही.

एकोणीस वर्षं मी मुलांबरोबर हे काम करते आहे. आधी वरळीला महापालिकेच्या शाळेत, मग गोवंडीला, आणि निवृत्त झाल्यापासून परळच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. मुलांना प्रश्न शिकवावे लागत नाहीत, ते असतातच. नसतो तो आपल्या वयाचा ऐकणारा. मूल प्रश्न घेऊन मोठ्या माणसाकडे जातं. मोठा माणूस एक तर उत्तर देऊन टाकतो, नाही तर 'मोठी झालीस की कळेल' म्हणतो. दोन्हीकडून प्रश्न बंदच होतो. तुमच्या तासात एका मुलाचं म्हणणं दुसऱ्या मुलाने मनावर घ्यायला हवं. हे जमलं की बाकीचं त्याच्या मागून येतं, आणि हे नाही जमलं तर कितीही थोर तत्त्वज्ञ सांगा, फळ्यावरून पुसले जातात.

झेपेल का, ही शंका जुनी आहे. निव्वळ कल्पनेतल्या गोष्टींवर तर्क चालवण्याची ताकद साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येते, ही मानसशास्त्रज्ञ पियाजेची मांडणी आपण डी.एड.ला पाठ केलेली असते. गॅरेथ मॅथ्यूज या अमेरिकन तत्त्वज्ञाने तिला हरकत घेतली. त्याने लहान मुलांची बोलणी टिपून ठेवली होती. त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा भांडं चाटता चाटता वडिलांना विचारतो, हे सगळं स्वप्न नाही हे कशावरून? याहून खोल प्रश्न विद्यापीठातही विचारला जात नाही. तुमची मुलं तर अकरा वर्षांची आहेत. त्यांना झेपेल की नाही याची काळजी सोडा. आपल्याला झेपेल का, हे बघा.

या कामाला शाळेत जागा मिळाली ती मॅथ्यू लिपमन यांच्यामुळे. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवत. मुलं कॉलेजात येईपर्यंत तर्क शिकायला उशीर झालेला असतो, असं त्यांना वाटू लागलं. म्हणून त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातली शाळकरी मुलं आपापसात बोलत तर्काचे नियम स्वतः शोधून काढतात. पुढे १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला या कामासाठी संस्था उभी राहिली. लिपमन यांचं म्हणणं असं, की अख्ख्या वर्गाने मिळून एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आणि बाईंनी त्यातलंच एक व्हायचं. मी याला 'विचारमंडळ' म्हणायला सुरुवात केली. मुलांनी त्याचं नुसतं 'मंडळ' करून टाकलं, गणपतीच्या मंडळासारखं. मला ते फार आवडलं. मंडळात प्रत्येकाकडे काहीतरी काम असतं.

आता एक तास जवळून सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल.

वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, त्या काळातली गोष्ट आहे. १९२०च्या दशकातल्या त्या चाळी, घर म्हणजे १६० चौरस फुटांची एक खोली. त्या जागी टॉवर होणार आणि त्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, अशी बोलणी घराघरात चालली होती. वर्गातली बरीच मुलं तिथली. एका मुलाने मधल्या सुट्टीत मला विचारलं, "बाई, चाळ पाडून तिथेच टॉवर झाला, तर ते आमचं घर तेच असणार का?" मी उत्तर दिलं नाही. त्याच्याच शब्दांत प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांना सतरंजीवर बसवलं.

पहिला हात आला तो ठाम होता. "पत्ता तोच, म्हणजे घर तेच." लगेच मागून आवाज आला, "आम्ही दोन वर्षं ट्रान्झिट कॅम्पात, तात्पुरत्या घरात राहणार. मग तोपर्यंत आमचं घर कुठे असेल?" पत्तावाला गप्प झाला. मी त्याला विचारलं, तुझं म्हणणं बदललं का? तो म्हणाला, नाही, पण थांबा. ('पण थांबा' हे शब्द कानावर आले की मला समाधान वाटतं, कारण मूल हट्ट सोडून विचाराला लागलेलं असतं.) मग एक मुलगी म्हणाली, "माणसं तीच असली की घर तेच. भिंतींचं काय." पाच-सहा माना हलल्या. तेवढ्यात तिच्या शेजारचीने हळूच विचारलं, "माझे आजोबा गेले दिवाळीत. मग आमचं घर बदललं का?"

वर्ग शांत झाला. अशा वेळी बाईंचा हात आपोआप त्या मुलीच्या पाठीवर जातो आणि तोंडातून काहीतरी समजुतीचं बाहेर पडतं. हात जाऊ द्या. बोलू नका. मी मनात वीस आकडे मोजले. मग जो मुलगा जून महिन्यापासून एकदाही बोलला नव्हता, तो म्हणाला, "ते घर तेच नसेल. पण आमचं असेल."

'तेच' आणि 'आमचं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे अकरा वर्षांच्या मुलाने कुणी न सांगता वेगळं करून दाखवलं. उरलेली वीस मिनिटं वर्ग या दोन शब्दांवरच बोलत होता. हरवलेली छत्री दुसऱ्याकडे सापडली तर ती तीच असते, पण आपली राहते का? शाळेचा गणवेश दर वर्षी नवा येतो, तो तोच नसतो तरी आपला कसा? दर वेळी उदाहरण मुलांनीच आणलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूची गोष्ट सांगितली. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, आणि हा संवाद पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, महाराज, आस म्हणजे रथ का? नाही. चाकं म्हणजे रथ? नाही. जू? नाही. सगळे भाग एकत्र म्हणजे रथ? राजा त्यालाही नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? माझा वर्ग उसळला. "बाई, हे तर आमच्या चाळीचंच आहे!" जुन्या तत्त्वज्ञांना वर्गात आणायची वेळ ही. मुलं आधी स्वतः अडली पाहिजेत. मग दोन हजार वर्षांपूर्वीचा भिक्षूही त्यांना आपल्यासारखाच अडलेला दिसतो. ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची गोष्ट आहे, एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच का, अशी. तीही चालेल, पण आपल्या मुलांना रथ जवळचा वाटतो.

बाईंनी बोलायचं तरी काय? मी मुख्यतः तीन शब्दांवर तास चालवते, आणि तिन्ही मुलांच्या तोंडी आधीपासून असतात. 'म्हणजे?', 'कशावरून?' आणि 'समजा'. भांडताना प्रत्येक मूल 'कशावरून?' म्हणतंच. तोच शब्द भांडणातून काढून कुतूहलात आणायचा, एवढंच आपलं काम. गोवंडीच्या शाळेच्या खिडकीतून देवनारचं डम्पिंग ग्राउंड दिसायचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली होती, त्यामुळे मुलांना धूर चांगला ओळखीचा होता. पुढच्या एका थंडीत सकाळी एक मुलगा ओरडला, "बाई, परत आग लागली!" दुसरा म्हणाला, "कशावरून? धुकं असेल." त्या दिवशीचा गणिताचा तास मी बाजूला ठेवला. धूर आणि धुकं कसं ओळखायचं? वासावरून? इथून वास येतो का? धूर असला तर आग असणारच का? विझल्यावरही धूर राहतो की! न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण हेच आहे, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. वाफेला किंवा धुळीच्या लोटाला धूर समजलं तर अनुमान फसतं, याचीही चर्चा आपल्या जुन्या नैयायिकांनी बारकाईने केली आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, त्यावरून ताडलेलं, साम्यावरून ओळखलेलं आणि भरवशाच्या माणसाने सांगितलेलं, हे ज्ञानाचे चार मार्ग त्यांनी मानले. मुलांना मी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची नावं अगदी शेवटी सांगितली. मग महिनाभर डब्यातल्या भाजीपासून क्रिकेटच्या स्कोअरपर्यंत 'तुला हे प्रत्यक्ष कळलं की शब्दावरून?' असं चाललं होतं.

'समजा' या शब्दाचं मोल मला एका चुकीनंतर कळलं. ती चूक अजून मनात आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत खोटं बोलण्यावर तास घेतला होता. एक मुलगी मोकळेपणाने म्हणाली, "मी पाच वर्षांची पूर्ण झाले होते, पण बाबांनी टीसीला चार सांगितलं." पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, पुढे बारापर्यंत अर्धं लागतं. म्हणजे तिने किती नेमका प्रश्न आणला होता! वडिलांवर माया आहे आणि त्यांचं बोलणं खरं नाही, दोन्ही एकदम. मी काय केलं? गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय अंगात मुरलेली. म्हटलं, "खोटं बोलणं कधीही वाईटच, हो ना मुलांनो?" सगळे एका सुरात "होऽऽ" म्हणाले. तिच्या वडिलांना मी साठ मुलांसमोर खोटारडं ठरवलं होतं. वर्ष संपेपर्यंत ती मुलगी माझ्या तासाला बोलली नाही. मी बोलतं करायचा प्रयत्न केला तेव्हा "काही नाही बाई" एवढंच म्हणाली.

आता असं काही आलं की मी लगेच 'समजा' म्हणते. समजा, एक माणूस आहे. समजा, त्याच्याकडे त्या दिवशी तेवढेच पैसे आहेत. समजा, पैसे आहेत, तरी तो खोटं सांगतो. समजा, सगळेच असं सांगायला लागले. घरातली गोष्ट घरातच राहते आणि प्रश्न सगळ्यांचा होतो. आणि तात्पर्य सांगायचं नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला तात्पर्य असतं, त्याची जागा तिथे आहे. या तासाला मुलाला एकदा जरी कळलं की बाईंच्या मनात उत्तर ठरलेलं आहे, तरी ते विचार करायचं सोडून तुमचा चेहरा वाचायला लागतं. आपली मुलं त्यात पटाईत असतात.

५४ मुलांचं म्हणाल, तर सगळ्यांना एका गोलात बसवायचा हट्ट धरू नका. बाक हलत नसतील तर पुढच्या मोकळ्या जागेत वीस जण खाली बसतील, बाकीचे बाकावर. बाकावरच्यांनी बोलायचं नाही, पण प्रत्येकाने खालच्या एकाचं बोलणं लक्षपूर्वक ऐकायचं आणि शेवटी सांगायचं, 'तो असं म्हणाला, कारण असं दिलं.' पुढच्या आठवड्यात अदलाबदल. माझ्या अनुभवात बाकावरची मुलं जास्त शिकतात. बोलायची पाळी ओळखू यावी म्हणून एखादी वस्तू हातात फिरवा, मी डस्टर वापरते. बोलण्याआधी आधीच्या मुलाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. सुरुवातीला फार रखडतं. दिवाळीपर्यंत बसतं.

दोन अडचणी हमखास येतील. पहिली, "बाई, हात वर करून मोजूया." मुलांना वाटतं, जास्त हात ते खरं. मी तुकोबांची ओळ फळ्यावर लिहिते: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' आणि विचारते, वर्गाचा मॉनिटर निवडताना मोजतोच ना आपण, मग इथे का नाही? यावर एक अख्खा तास छान जातो. हात मोजायला माझी ना नाही, पण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. ज्यांचा हात बदलला त्यांना विचारायचं, कुणाच्या बोलण्याने बदलला? नाव घेऊन सांगायला लावा. ज्याचं नाव घेतलं जातं त्या मुलाचा चेहरा बघा.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे: "ज्याचं त्याचं मत." सहावी-सातवीत हे वाक्य सर्रास येतं आणि ऐकायला समंजस वाटतं, म्हणून आपण मान डोलावतो. पण त्यामागे बहुतेक वेळा कंटाळा असतो, नाही तर भांडण नको म्हणून घेतलेली माघार. वडापाव आवडतो की इडली, हे ज्याचं त्याचं. उशिरा आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभं करणं बरोबर का, हेही तसंच? मुलांनाच दोन्हीतला फरक शोधू द्या. दोन्ही बाजूंची कारणं सारखीच भक्कम आहेत का, असं विचारा. क्वचितच सारखी असतात.

देवाचा प्रश्न येणार. टाळू नका आणि मुद्दाम काढूही नका. माझ्या गोवंडीच्या वर्गात तर निरनिराळ्या धर्मांची मुलं शेजारीशेजारी बसायची. 'देव आहे का' असं कुणी विचारलं तर मी प्रश्न थोडा वळवते: हे आपल्याला कसं कळू शकेल? मग मुलं पुन्हा प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्याकडे येतात आणि बोलणं कुणाच्या घरावर घसरत नाही. नियम एकच, दुसऱ्याच्या घरी जे मानतात त्याला हसायचं नाही, पण त्याचं कारण आदराने विचारता येतं. माझं स्वतःचं मत मी सांगत नाही, कितीही विचारलं तरी. सातवीच्या एका वर्गाने वर्षभर पैज लावली होती, ते ओळखून दाखवायची. याच संदर्भात उपनिषदातल्या गार्गीची आणि याज्ञवल्क्य ऋषीची गोष्ट उपयोगी पडते. हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय, असं विचारत ती इतकी पुढे जाते की याज्ञवल्क्य म्हणतो, अति विचारू नकोस, तुझं डोकं गळून पडेल. मुलांना विचारा, तो असं का म्हणाला असेल? त्याला उत्तर येत नव्हतं, की प्रश्नालाच कुठेतरी थांबावं लागतं? मुली या तासाला विशेष खुलतात, असा माझा अनुभव आहे.

मुख्याध्यापकांना शंका आली तर संविधानाचं कलम ५१क दाखवा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणं हे त्यात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. शोधकबुद्धीसाठी वेळापत्रकात दुसरा तास कुठे आहे?

पालकांना मार्कांचं आश्वासन मात्र देऊ नका. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत या पद्धतीची चाचणी झाली होती. २०१५ च्या तिच्या अहवालात वाचन आणि गणितात थोडी प्रगती दिसली म्हणून बराच गाजावाजा झाला. पुढे बऱ्याच जास्त शाळा घेऊन पुन्हा चाचणी केली, तेव्हा २०२१ च्या अहवालात वाचनावर परिणाम दिसला नाही. शिष्यवृत्तीची तयारी म्हणून हा तास विकला तर एका निकालात तो बंद पडेल. मी पालकसभेत बोलण्यापेक्षा पालकांना मागच्या बाकावर बसवते, एकच तास. एका आईने बाहेर येऊन सांगितलं होतं, "माझा मुलगा दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबतो, हे मी घरी कधी पाहिलं नाही." एवढं पुरतं.

पहिल्या तासाला काय घ्यावं, तर लोकलची चौथी सीट घ्या. तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, 'जरा सरका' म्हणतो आणि तिघं सरकतात. प्रश्न असा लिहा: चौथ्याला बसायचा हक्क असतो का, की तिघं त्याच्यावर उपकार करतात? कुणी म्हणेल, तिकीट सगळ्यांचं सारखं. कुणी म्हणेल, मग पाचव्याचं काय? कुणीतरी विचारेल, हा नियम लिहिलाय कुठे, आणि लिहिलेला नसताना सगळे पाळतात कसे? तिथे पोचलात तर पुढचे तीन आठवडे तुम्हाला विषय शोधावा लागणार नाही. नाही पोचलात तरी घंटा झाली की थांबा, गोळाबेरीज करू नका. प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून ठेवा, आणि पुढच्या तासाला येणाऱ्या सरांना सांगून ठेवा की तेवढा कोपरा पुसू नका.